पुरी

कुताइसीत, रेल्वे फाटकाच्या अलीकडे
जमिनीत निम्मी गाडलेली एक भट्टी आहे,
आणि तिच्यावरच्या खोलीत मी, भाड्यानं.
रात्री अडीचला खाली लाकडं तडतडतात
आणि माझ्या फरशीला ताप चढतो.

नुगझार कणीक मळतो.
पीठ, पाणी, मीठ, कालच्या कणकेचा एक गोळा.
मग वरून लोकरीचं जुनं पांघरूण.
पहिल्यांदा पाहिलं तेव्हा वाटलं, मूल निजवतोय.
"हात नको लावूस," म्हणाला, "झोपलीय.
हिची झोप मोडली तर पावाचा दगड होतो."
त्सियाला, त्याची बायको,
गल्ल्यामागे बटाटे सोलत होती:
"कणकेचं बरं कळतं याला."

पुढचं मला हप्त्याहप्त्यानं समजलं.

मुलगी मझिया तिबिलिसीत शिकायला गेली ते वर्ष.
नुगझार रात्री भट्टी लावी,
दिवसा प्रवासी व्हॅन चालवी, सामत्रेदियापर्यंत आणि परत.
झोप म्हणजे मधे उरतील ते तीन तास,
तेही पायात बूट ठेवून.
गल्लीत कौतुक व्हायचं. आपणही करतो.
रात्रीचा दिवस केला म्हणतो
आणि विचारत नाही, मग रात्र कुठं गेली.

इथं पाव भट्टीच्या आतल्या भिंतीला थापतात.
त्यासाठी कमरेत वाकायचं, टाचा सुटेपर्यंत,
डोकं खाली, विस्तवाकडे.
श्वास रोखायचा, थापायचं, वर यायचं.
तीस वर्षं तो वाकला आणि वर आला.

फेब्रुवारीतल्या एका पहाटे वाकला
आणि तिथंच त्याचा डोळा लागला.
किती वेळ?
एक पाव थापायला लागतो त्याहून कमी, त्सियाला सांगते.
तिनं कमरपट्टा धरून मागं खेचलं.
भुवया गेल्या. आल्या परत, जरा विरळ.
उजव्या हाताची कातडी कोपरापर्यंत
अजून पापुद्र्यासारखी आहे.
"व्हॅनमध्ये लागला असता तर?
मागं अकरा माणसं होती आदल्या दिवशी."
दर वेळी ती अकराच म्हणते.

व्हॅन विकली.
मझिया वर्षभर संध्याकाळी औषधांच्या दुकानात उभी राहिली.
ते त्याला अजून सलतं, हाताहून जास्त.

आता सहाला दुकानाची फळी पडते.
त्सियाला बेलची वायर काढून ठेवते.
समोरचा वाखो मोटरसायकल ढकलत फाटकापर्यंत नेतो
आणि तिथं किक मारतो.
लग्नात, बारशात पेल्यावर पेले चढतात;
नुगझार पहिला उचलतो, दुसऱ्याआधी उठतो.
आधी लोक रुसायचे.
सातला आडवा होतो आणि साडेसात तास घोरतो,
माझ्या फरशीतून ऐकू येतं.

मी लहानपणापासून ऐकलेलं:
भुकेला कोंडा, निजेला धोंडा.
ज्यानं ही म्हण केली तो दमलेला होता,
धोंड्यावर डोकं टेकताच गेला असेल.
मी मऊ गादीवर मोबाइलच्या उजेडात जागा,
कुणासाठी नाही, कशासाठी नाही,
नुसता अंगठा सरकवत,
आणि स्वतःच्याच झोपेचं खोबरं करत.

परवा पहाटे पाचला
त्यानं खालून दांड्यानं छत ठोठावलं. उतरलो.
माझे डोळे बघितले, बोलला नाही.
होडीसारखा लांब पाव कागदात गुंडाळून दिला.
पावाला इथं पुरी म्हणतात.
मी सांगितलं, आमच्याकडे पुरी तेलात फुगते,
आणि दुसरी एक पुरी आहे,
जे अर्धं नाही त्याला म्हणतात.
सकाळी विचारतात, झोप पुरी झाली का?
त्यानं ते तोंडात घोळवलं, झोप पुरी, झोप पुरी,
मग राखेचा हात माझ्या पाठीवर आपटला.
"खा आणि जा वर.
अर्धा पाव मी कुणाला विकत नाही."

वर आलो. फरशी तापली होती.
मोबाइल पावाच्या कागदात गुंडाळून
खिडकीबाहेरच्या कट्ट्यावर ठेवला.
खाली पुढच्या घाण्याची कणीक पांघरुणात गेली असावी.
माझंही तसंच काही झालं असणार,
कारण त्यानंतरचं मला आठवत नाही.